व्याख्यान झालं, तरी कॅज्युअल्टीत चुका का होतात? हिमोफिलियाच्या प्रशिक्षणाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रुग्णालयात हिमोफिलियासारख्या रक्तस्रावाच्या आजारांसाठी (ज्यांत रक्त नीट गोठत नाही) वेगळा कक्ष सुरू झाला, फ्रीजमध्ये फॅक्टर (रक्त गोठवणारं, या रुग्णांत कमी असलेलं प्रथिन) आला, बाहेरून तज्ज्ञ येऊन दिवसभर व्याख्यानही देऊन गेले. तरीही सुजलेला गुडघा घेऊन आलेला मुलगा एक्स-रेच्या रांगेत दोन तास बसला आणि दुसऱ्या एका रुग्णाला दुखणं थांबावं म्हणून कमरेत इंजेक्शन टोचलं गेलं. आता पुढचं प्रशिक्षण कसं आखायचं, कुणाला काय शिकवायचं आणि पूर्णवेळ रक्तविकारतज्ज्ञ नसताना आपल्या कामाला ‘सर्वंकष काळजी’ म्हणता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते अडचण ज्ञानाची कमी आणि वाटेची जास्त आहे. व्याख्यानात रक्त गोठण्याची साखळी शिकवतात, आनुवंशिकता शिकवतात, आणि ते शिकवायलाच हवं. पण रात्रपाळीच्या सिस्टरला त्या क्षणी वेगळेच प्रश्न पडतात: याला आत्ता घ्यायचं की रांगेत बसवायचं, फॅक्टर कुठल्या फ्रीजमध्ये आहे, कोणाच्या सहीने निघतो, किती द्यायचा, कसा मिसळायचा. म्हणून मी प्रशिक्षण आजाराभोवती न आखता एका रक्तस्रावाभोवती आखते. रुग्ण दारात आल्यापासून त्याच्या फेरतपासणीपर्यंत त्याला जे जे भेटतात, त्या प्रत्येकाला आपापला निर्णय बिनचूक घेता आला पाहिजे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. रुग्ण दहा आहेत की दोनशे, फॅक्टर कायम हाताशी असतो की मागवावा लागतो, लॅबमध्ये फॅक्टरची पातळी मोजता येते का, मोठं केंद्र किती लांब आहे, यावर तपशील बदलतील. क्रम बदलणार नाही.

दारापासून सुईपर्यंत

पहिला नियम सगळ्यांना एकाच वाक्यात शिकवा: आधी फॅक्टर, मग तपासण्या. निदान आधीच झालेल्या रुग्णाला रक्तस्रावाची शंका आली, तर एक्स-रे, सोनोग्राफी, रिपोर्ट यांतल्या कशासाठीही थांबायचं नाही. शक्यतो दोन तासांच्या आत फॅक्टर शिरेत गेला पाहिजे. डोक्याला मार लागला असेल तर रुग्ण बोलत-चालत असला, डोकं दुखत नसलं तरी आधी पूर्ण डोस आणि नंतर सीटी स्कॅन. मानेची किंवा घशातली सूज, पोटातला रक्तस्राव, मांडी-जांघेतलं दुखणं हेही याच वर्गात.

घाई का, ते नीट समजावून सांगा, नाहीतर नियम पाठ होतो पण पाळला जात नाही. सांध्यात सांडलेल्या रक्तातलं लोह आतल्या अस्तरात साठतं. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढतात आणि त्या पुन्हा फुटतात. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला की त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. तिथून कूर्चा झिजण्याचा वेग वाढतो. रांगेत गेलेले दोन तास त्या मुलाला पुढची अनेक वर्षं पुरतात.

दुसरा नियम म्हणजे रुग्णाच्या शब्दावर विश्वास. सूज दिसण्याआधी सांध्यात मुंग्या, ऊब, ताठरपणा जाणवतो आणि अनुभवी रुग्ण तो लगेच ओळखतो. ‘सूज तर दिसत नाही’ म्हणून त्याला परत पाठवणं ही सर्रास होणारी चूक आहे. रुग्ण किंवा त्याची आई जे कार्ड दाखवते, त्यावर आजाराचा प्रकार, तीव्रता, वजन, इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारं प्रतिपिंड) आहे की नाही आणि नेहमीचं औषध एवढं असलंच पाहिजे. तसं कार्ड तुम्हीच छापून द्या.

डोसचं गणित

हे प्रत्येक डॉक्टरकडून आणि सिस्टरकडून कागदावर सोडवून घ्या. हिमोफिलिया ए मध्ये फॅक्टर ८ कमी असतो, बी मध्ये फॅक्टर ९. फॅक्टर ८ चं एक युनिट दर किलोमागे दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. फॅक्टर ९ चं एक युनिट दर किलोमागे दिलं तर साधारण १ टक्क्याने, आणि काही रिकॉम्बिनंट (जनुक-तंत्राने बनवलेल्या) उत्पादनांत त्याहूनही कमी. म्हणजे हिमोफिलिया ए मध्ये वजन गुणिले हवी ती वाढ गुणिले ०.५, आणि बी मध्ये वजन गुणिले हवी ती वाढ.

२० किलोच्या मुलाच्या गुडघ्यात रक्तस्राव आहे, पातळी ५० टक्क्यांपर्यंत न्यायची आहे. हिमोफिलिया ए असेल तर ५०० युनिट, बी असेल तर १००० युनिट. ६० किलोच्या माणसाच्या डोक्याला मार लागला, फॅक्टर ८ ची पातळी १०० टक्क्यांवर न्यायची, तर ३००० युनिट. हिशेब पूर्ण बाटलीपर्यंत वर न्यायचा. उरलेलं फेकायचं नाही, तेही रुग्णालाच द्यायचं. फॅक्टर ८ चं अर्धं आयुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण ८ ते १२ तास आणि साध्या फॅक्टर ९ चं १८ ते २४ तास. त्यामुळे पुढचा डोस कधी, हे पहिला डोस देतानाच केसपेपरवर लिहायचं. दीर्घकाळ टिकणारी उत्पादनं वापरत असाल तर त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

बाटली मिसळताना काय बिघडतं? फ्रीजमधून काढलेली औषधाची आणि द्रावकाची बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. दुहेरी सुई असेल तर ती आधी द्रावकाच्या बाटलीत आणि मग औषधाच्या बाटलीत घालायची, कारण औषधाच्या बाटलीत निर्वात असतो आणि तोच द्रावक खेचून घेतो. क्रम उलटा झाला की निर्वात वाया जातो. बाटली हलकेच फिरवायची, जोरात हलवायची नाही. फेस झाला की प्रथिन बिघडतं आणि मात्राही नीट ओढता येत नाही. गाळणीची सुई दिली असेल तर तिनेच ओढायचं. टोचायला २३ किंवा २५ गेजची बटरफ्लाय. मोठ्यांना मिनिटाला ३ मिलीपेक्षा वेगाने नको, अर्थात उत्पादनाच्या माहितीपत्रकात वेगळं असेल तर ते खरं. सुई काढल्यावर ३ ते ५ मिनिटं बोटाने दाबून धरायचं. बाटलीवरचा बॅच नंबर केसपेपरवर चिकटवायचा. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसला आणि बर्फाच्या कप्प्यापासून दूर, कारण गोठलेला फॅक्टर निकामी होतो.

सरावासाठी मुदत संपलेल्या बाटल्या बाजूला ठेवा, त्यांवर ठळक ‘फक्त सरावासाठी’ लिहा आणि प्रत्येक सिस्टरकडून हाताने करून घ्या. नुसतं पाहून हे येत नाही.

काय करायचं नाही

स्नायूत इंजेक्शन नाही. अ‍ॅस्पिरिन नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, त्याने भागलं नाही तर तज्ज्ञांना विचारून पुढचं औषध. सांध्यातलं रक्त सुईने काढण्याची घाई नाही. लघवीतून रक्त जात असताना ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड नाही, कारण मूत्रमार्गात गुठळ्या अडकतात. लस शक्यतो त्वचेखाली द्यावी. स्नायूतच द्यावी लागली तर सर्वांत बारीक सुई आणि नंतर दहा मिनिटं दाब. हा मजकूर कॅज्युअल्टीतल्या औषधाच्या ट्रॉलीवर चिकटवा, कक्षाच्या भिंतीवर नको. चूक ट्रॉलीपाशी होते.

फॅक्टर संपला असताना होणारी एक चूक वेगळी सांगायला हवी. क्रायोमध्ये (प्लाझ्मापासून बनणाऱ्या क्रायोप्रेसिपिटेटमध्ये) फॅक्टर ८, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फायब्रिनोजेन असतं, फॅक्टर ९ नसतो. हिमोफिलिया बी च्या रुग्णाला क्रायो देऊन उपयोग नाही, त्याला प्लाझ्मा लागतो. रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला हे ठाऊक असलं तर तो मागणीपत्र पाहूनच फोन करतो.

एमिसिझुमॅबवरचे रुग्ण

हा भाग जुन्या व्याख्यानांत नसतो आणि सध्या धोका इथेच जास्त आहे. एमिसिझुमॅब हे त्वचेखाली दिलं जाणारं औषध फॅक्टर ८ चं काम करतं. पहिले चार आठवडे दर आठवड्याला किलोमागे ३ मिलिग्रॅम, नंतर आठवड्याला १.५, पंधरवड्याला ३ किंवा चार आठवड्यांनी ६ मिलिग्रॅम. ते रक्तस्राव टाळण्यासाठी आहे. चालू असलेला रक्तस्राव त्याने थांबत नाही.

या रुग्णांची एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) नॉर्मल येते. शस्त्रक्रियेआधी तो रिपोर्ट पाहून ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं तर अनर्थ होईल. फॅक्टर ८ ची नेहमीची एक-टप्पा चाचणीही फसवी ठरते आणि आकडा फुगलेला दाखवते. त्यासाठी गाईच्या प्रथिनांवर आधारित क्रोमोजेनिक चाचणी लागते. शेवटचा डोस घेऊन काही महिने झाले तरी हा परिणाम उरू शकतो, म्हणून ‘बंद केलंय’ एवढं उत्तर पुरत नाही, कधी बंद केलं ते विचारायचं.

इनहिबिटर नसलेल्या रुग्णाला रक्तस्राव झाला तर फॅक्टर ८ द्या. इनहिबिटर असेल तर रिकॉम्बिनंट फॅक्टर ७-ए. एपीसीसी (इनहिबिटर असलेल्यांना दिलं जाणारं, सक्रिय फॅक्टरांचं मिश्रण) शक्यतो टाळायचंच. एमिसिझुमॅबवर असताना दिवसाला किलोमागे १०० युनिटांहून अधिक एपीसीसी २४ तास किंवा जास्त चालू राहिल्यावर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याच्या आणि थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथीच्या (सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन अवयवांना इजा) गंभीर घटना नोंदल्या गेल्या आहेत. कॉन्सिझुमॅब, मार्स्टॅसिमॅब, फिट्युसिरान यांसारख्या आणखी नव्या औषधांवरच्या रुग्णाला तर नेहमीच्या गणिताने डोस न देता आधी त्याच्या केंद्राला फोन करावा.

एक केस सगळ्यांनी मिळून शिकावी: सोअस स्नायूतला रक्तस्राव

संपूर्ण गटाला एकच केस शिकवायची झाली तर मी ही निवडते, कारण यात प्रत्येकाचं काम येतं. सोअस हा कण्यापासून मांडीपर्यंत जाणारा, मांडी वाकवणारा खोल स्नायू. रुग्ण कमरेत वाकून, मांडी पोटाकडे घेऊन येतो. जांघेत, ओटीपोटात किंवा कमरेत दुखतं, पाय सरळ करायला गेलं की कळ येते. उजवीकडे असेल तर अपेंडिक्स वाटतं आणि सर्जनचा हात सुरीकडे जातो. मांडी वाकलेलीच ठेवून पाय आत-बाहेर फिरवून पाहा. तो बऱ्यापैकी फिरत असेल आणि फक्त सरळ होत नसेल, तर खुब्याच्या सांध्यापेक्षा सोअसची शक्यता जास्त. मांडीच्या पुढच्या भागावर बधिरपणा आला असेल तर फीमोरल नसेवर दाब पडतोय.

इथे बरंच रक्त आत साठू शकतं, म्हणून हिमोग्लोबिन तपासायचं आणि पुन्हा तपासायचं. फॅक्टर लगेच: हिमोफिलिया ए मध्ये ८० ते १०० टक्के, बी मध्ये ६० ते ८० टक्के पातळी पहिले एक-दोन दिवस, पुढे ३० ते ६० टक्के आणखी काही दिवस. मग सोनोग्राफी किंवा सीटी. रुग्णाने बिछान्यातच राहायचं, शौचालयापर्यंतही चालायचं नाही. दुखणं थांबलं की रुग्ण उठतो, आपणही सोडून देतो आणि आठवड्याभरात तो पुन्हा रक्तस्राव घेऊन येतो. म्हणून गाठ कमी झाल्याचं सोनोग्राफीत दिसल्यावरच फिजिओथेरपिस्टने हळूहळू पाय सरळ करायला घ्यायचं, आणि तेही फॅक्टरच्या आधाराने.

फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी बोलवा

बहुतेक ठिकाणी त्यांना सांधा आखडल्यावर बोलावतात. सांध्यातल्या रक्तस्रावात सुरुवातीला विश्रांती, आधार आणि त्या पायावर भार न देणं. वेदना उतरू लागली की सांधा न हलवता मांडीचा स्नायू आवळायचा, मग हळूहळू हालचाल, मग भार, आणि शेवटी तोल सांभाळण्याचे व्यायाम. शेवटचा टप्पा बहुतेक वेळा राहून जातो आणि अशा घोट्यात पुन्हा रक्तस्राव होणं सोपं जातं.

सांधा जुनाच झिजलेला असेल तर दुखणं रक्तस्रावाचं की झिजेचं, हा फरक त्यांनी ओळखला पाहिजे. रक्तस्रावात दुखणं काही तासांत वाढतं, सांधा गरम आणि तट्ट होतो, बसल्या जागी ठणकतो. झिजेत सकाळी ताठरपणा असतो आणि हालचालीने मोकळं वाटतं. दोन्ही गुडघे, घोटे आणि कोपर अशा सहा सांध्यांची ‘हिमोफिलिया जॉइंट हेल्थ स्कोअर’ ही मोजणी रुग्ण ठणठणीत असताना करून ठेवा. आधीचा आकडा नसेल तर आज बिघडलं किती, हे कळायला मार्ग नाही.

लॅब

चुकीचे रिपोर्ट बहुधा यंत्रात तयार होत नाहीत, ट्यूबमध्ये होतात. निळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं, रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग. रेषेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी खोटीच लांबते. सॅम्पल बर्फात ठेवायचं नाही. थंडीत व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर ८ कमी दिसू शकतो आणि नसलेला आजार चिकटतो. चाचणी चार तासांत व्हावी किंवा प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा.

एपीटीटी नॉर्मल आली म्हणून सौम्य हिमोफिलिया नाही असं होत नाही. ते रिएजंट किती संवेदनशील आहे यावर ठरतं. मिक्सिंग चाचणी (रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्मात मिसळून केलेली) लगेच आणि ३७ अंशांना दोन तास ठेवून अशी दोनदा करायची, कारण फॅक्टर ८ चा इनहिबिटर वेळ घेऊन काम करतो. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये साधारण चारातल्या एकाला किंवा थोड्या अधिक रुग्णांना इनहिबिटर होतो, बहुधा फॅक्टरच्या पहिल्या काही डोसांत. म्हणून लहान मुलांत पहिल्या २० डोसांपर्यंत दर पाच डोसांनी तपासणी करण्याची पद्धत आहे. नेहमीच्या डोसने रक्तस्राव थांबत नसेल तर डोस दुप्पट करण्याआधी इनहिबिटर तपासा.

मुली आणि बायका

‘हा मुलग्यांचा आजार’ हे वाक्य प्रशिक्षणातून काढूनच टाका. वाहक (आजाराचं जनुक असलेल्या) मुलींची फॅक्टरची पातळीही ४० टक्क्यांखाली असू शकते, आणि तेव्हा त्यांना हिमोफिलियाच असतो. व्हॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचा आणखी एक आजार तर मुलगे-मुली दोघांनाही होतो. पाळीत मोठ्या गुठळ्या जाणं, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, सतत लोह कमी असणं, या तक्रारी घेऊन मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते. त्यामुळे त्यांना या प्रशिक्षणात घ्या. गरोदरपणात फॅक्टर ८ वाढतो, फॅक्टर ९ फारसा वाढत नाही, म्हणून शेवटच्या तिमाहीत पातळी मोजायची. बाळाला आजार असण्याची शक्यता असेल तर व्हॅक्यूम आणि फोर्सेप्स टाळायचे. प्रसूतीनंतर वाढलेली पातळी उतरते आणि रक्तस्राव घरी गेल्यावर सुरू होऊ शकतो. हे त्या बाईला घरी सोडताना स्पष्ट सांगा.

पूर्णवेळ तज्ज्ञ नसताना

वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ गट असा आहे: डॉक्टर, समन्वयक परिचारिका, फिजिओथेरपिस्ट किंवा स्नायू-सांध्यांचा जाणकार, लॅब तज्ज्ञ आणि मानसिक-सामाजिक आधार देणारी व्यक्ती. दंतवैद्य, अस्थिरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ गरजेप्रमाणे येतात. डॉक्टरच्या जागी आवड असलेला फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ आणि फोनवर मिळणारा रक्तविकारतज्ज्ञ, असं चालतं. समन्वयक परिचारिकेशिवाय मात्र चालत नाही. एकच नेमणूक मंजूर होणार असेल तर तिची करून घ्या. रुग्णांचा फोन ती घेते, पुढचा डोस तिला आठवतो, फॅक्टरचा साठा तिला ठाऊक असतो. अमेरिकेत सुमारे ३००० हिमोफिलिया रुग्णांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सर्वंकष केंद्रांत उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी आढळला होता. व्यवस्थापनासमोर हा आकडा ठेवा. फेडरेशनच्या शिष्यवृत्त्या आणि अनुभवी केंद्राशी जोडून देणारा ‘ट्विनिंग’ कार्यक्रमही आहे. तुमच्यासारख्या नव्या केंद्राने त्याची चौकशी जरूर करावी.

शिकवायचं कसं

दिवसभराच्या व्याख्यानाऐवजी वीस मिनिटांची सत्रं, जिथे काम चालतं तिथेच, आणि तिन्ही पाळ्यांत. रात्रपाळीला वगळलं तर अर्धं काम वाया. महिन्यातून एकदा सराव घ्या: गटातलाच एक जण रुग्ण बनून न सांगता कॅज्युअल्टीत येतो, ‘हिमोफिलिया ए, २० किलो, गुडघा’ एवढंच सांगतो, आणि बाटली हातात येईपर्यंतचा वेळ मोजायचा. खरा फॅक्टर मिसळायचा नाही. वेळ कुठे गेला ते तिथल्या तिथे दिसतं. बहुधा तो फ्रीजच्या किल्लीत किंवा सहीत गेलेला असतो. ती अडचण व्यवस्थापनाने सोडवायची असते, तिचा दोष सिस्टरच्या माथी मारू नका.

नोंदवहीत प्रत्येक रक्तस्रावासाठी एक ओळ: त्रास सुरू झाल्याची वेळ, दारात आल्याची वेळ, फॅक्टर दिल्याची वेळ, जागा, डोस, बॅच, दुसरा डोस, फेरतपासणी. महिन्याच्या बैठकीत यांतल्या तीन केस उघडून वाचा, नावं न घेता. नवा निवासी डॉक्टर किंवा नवी सिस्टर आली की पहिल्या आठवड्यात हे प्रशिक्षण, नाहीतर दर बदलीला सगळं शून्यावर येतं.

आणि सत्रात रुग्णांना शिकवायला बोलवा. स्वतःला शिरेत फॅक्टर टोचणारा तरुण, मुलाला घरी डोस देणारी आई. घरच्या घरी उपचार शिकवणं हाही याच प्रशिक्षणाचा भाग आहे: शीर शोधणं, मिसळणं, नोंद ठेवणं, सुया सुरक्षित टाकणं, आणि कधी घरी न थांबता रुग्णालयात यायचं ते. आईशी बोलताना आजार तिच्याकडून आला हे सांगताना जपा. बऱ्याच घरांत तिला दोष दिला जातो, आणि बऱ्याचदा तो जनुकीय बदल घराण्यात पहिल्यांदाच आलेला असतो. किशोरवयात मुलं डोस टाळू लागतात. तेव्हा रागावण्यापेक्षा त्याला कोणता खेळ खेळायचा आहे हे विचारून त्या दिवसांभोवती डोस बसवला तर तो स्वतःहून घेतो.

पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट करायची असेल, तर रात्रपाळीत जाऊन फ्रीजची किल्ली कुणाकडे असते ते विचारा.